उतारावरची किल्ली

दि. २ मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. या खेपेला जरा हात राखून दिले आहेत, का ते पुढे कळेलच.

काल तिसरा शनिवार, तू आली नाहीस. पहिल्या शनिवारी तुझी टॅक्सी सर्व्हिसिंगला होती. दुसऱ्या शनिवारीही सर्व्हिसिंगलाच होती. काल निरोप आला की अजून तिथंच आहे. मी एकतीस वर्षं टॅक्सीवाल्याची बायको होते. तीन आठवडे गाडी मेकॅनिककडे राहते ती एकतर चोरीची असते, नाहीतर मेकॅनिकने तिच्याशी लग्न लावलेलं असतं. तुझी यातली कुठली ते कळव.

फोन करून विचारलं असतं. पण फोनवर तू दोनदा हो हो म्हणतेस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवतेस. कागदावर थाप मारायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला लाज वाटायची शक्यता असते.

पेट्रोल महागलंय हे मला माहीत आहे. रेडिओ लावायची गरज नाही, खिडकीत बसलं की दिसतं. औषधाच्या दुकानवाल्याने गाडीला कव्हर घालून ठेवलंय, जसं काही कोणी नजर लावणार आहे. दातांचा डॉक्टर पायी दवाखान्यात जातो. त्याची बायको सांगत होती की भाव असेच वाढत राहिले तर त्याला लग्नातला कोट परत बसेल. मग तुलाच तेवढं पेट्रोल फुकट मिळतं असं मला वाटेल, इतकी मी बावळट आहे का? परवडत नाही म्हणून येत नाही, एवढं सांगायचं होतंस. पेट्रोल वाढलं याचा मला राग नाही. तू माझ्याशी खोटं बोललीस याचा आहे, आणि तो याच कागदावर संपवते, कारण घरात दुसरा कागद नाही.

आता कामाचं. तुझ्या आजोबांच्या वेळीही भाव एकदा असेच चढले होते. त्यांनी काय केलं ते ऐक. टायरमधली हवा दर दोन दिवसांनी बघायचे. डिकीत स्टेपनी आणि जॅक सोडून काही ठेवू द्यायचे नाहीत, माझी छत्रीसुद्धा नाही. आणि घाट उतरताना वर किल्ली बंद करायचे. गाडी आपली आपण खालच्या पुलापर्यंत घरंगळत यायची, थेंब जळायचा नाही. मी शेजारी बसून स्वेटर विणायचे. इंजिन बंद झालं की सुयांचा आवाज ऐकू यायचा. तूही मागच्या सीटवर असायचीस, नऊ-दहा वर्षांची, झोपलेली. तुला कशाला आठवेल.

वेळ मिळेल तेव्हा ये. नाही मिळाला तर खरं कारण पाठव, तेही मला चालतं.

कळावे. लोभ आहे तो आहे, त्याचा भाव मी वाढवलेला नाही.
तुझी आजी


दि. ६ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गाडीचं लग्न लागलेलं नाही. पकडली गेले, कान धरले. परवडत नाही हे तुला सांगायची लाज वाटली, कारण टॅक्सी घेताना तूच म्हणाली होतीस की बघ हं, आणि मी म्हणाले होते की बघितलंय.

आमच्या स्टँडची गंमत सांगते. आम्ही अठरा टॅक्सीवाले. पुढची टॅक्सी गेली की मागच्या सतरांनी किल्ली फिरवून एकेक घर पुढे सरकायचं. आता कोणी किल्ली फिरवत नाही. सगळे खाली उतरतो, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, आणि ढकलतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल, सगळ्यांच्या गाड्या एकदमच बंद पडल्या. परवा एका भल्या गृहस्थाने माझी टॅक्सी ढकलायला हात लावला, मग त्याच टॅक्सीत बसला आणि म्हणाला की ढकलल्याचं भाड्यातून कमी करा.

भाव वाढणार अशी बातमी आली की आदल्या संध्याकाळी सगळे पंपावर धावतो. तासभर रांगेत, इंजिन चालू. वाचवायला गेलो तेवढं तिथंच जाळून येतो. एकाने एसी बंद ठेवून मागच्या सीटवर पुठ्ठ्याचे पंखे ठेवलेत. दुसरा दोन गिऱ्हाइकांना एकाच टॅक्सीत बसवतो आणि ती दोघं भांडली की पंच होतो. आजोबांचे मित्र मिशाळकाका अजून रांगेत माझ्यामागेच असतात. त्यांनी मिशा कापल्या तरी वजन तेवढंच कमी होईल, असं सगळे चिडवतात. ते फक्त टायर बघतात.

माझं एकच बांधलेलं गिऱ्हाईक आहे, चित्रकलेच्या बाई. घाटाखालच्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवतात. पायाने अधू आहेत, बस त्यांना जमत नाही. भाडं वाढवलं तर त्या नोकरी सोडतील, नाही वाढवलं तर मी टॅक्सी सोडेन. त्यांची शाळा तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथून आठवड्यातून दोनदा मागे वळते तेव्हा तुझ्या गावाच्या पाटीकडे मी बघत नाही.

आजोबांची युक्ती करून बघते. किल्ली नेमकी कुठल्या वळणावर बंद करायचे ते आठवतं का?

कळावे. माझ्यावरचा लोभ आटवू नकोस, बाकी सगळं आटलंय.
तुझी भिंगरी


दि. १० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, यावेळी भरून.

खरं पत्र लिहिलंस, मन निवलं. ढकललेल्या टॅक्सीच्या गोष्टीवर औषधवाला इतका हसला की त्याने मला खोकल्याच्या गोळ्या फुकट दिल्या. मला खोकला नाही, तरी घेतल्या.

आठवत कसं नाही. पाण्याची टाकी गेली की डाव्या हाताला पांढऱ्या दगडांचा कठडा लागतो. कठडा संपला की किल्ली बंद. तिथून पुलापर्यंत मी बाहीच्या दोन ओळी विणायचे, म्हणजे बघ किती लांबचा उतार. त्यांना कधी काही झालं नाही. हात नुसता हँडब्रेकवर ठेवलेला असायचा, आणि माझ्या बोलण्याला मान डोलवायचे. बाईंना घाबरवू नकोस, आधी सांगून ठेव.

वाचलेल्या पेट्रोलचं एकदा तरी माझ्याकडे येणं कर. जास्त काही मागत नाही.

कळावे. लोभाचं टाकं इकडे काठोकाठ आहे.
तुझी आजी


दि. १९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तू कशी आहेस? हवा बरी आहे. मी ठीक आहे.

एक सांगायचं होतं. मी टॅक्सी विकावी म्हणते. फर्निचरच्या दुकानात काउंटरवर बाई पाहिजे, विचारून आले. बसून काम, पंख्याखाली. शनिवार-रविवार सुट्टी नाही, पण बसने कधीतरी येईन. पेट्रोलच्या भावापायी रोज जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. तू म्हणाली होतीस ते खरं निघालं, झालं समाधान?

आणि आजी, यापुढे गाडीच्या युक्त्या कळवू नकोस. त्या जुन्या गाड्यांच्या असतात. रागाने नाही म्हणत.

बाकी सगळं ठीक.

लोभ असू दे, मी कुठलंही काम करत असले तरी.
भिंगरी


दि. २२ मार्च

ती. वहिनींस मिशाळचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका. मला लिहायची सवय नाही आणि हे लिहू नका असं भिंगरीने बजावलंय. पण दादांच्या घरापासून गोष्ट लपवायची मला त्याहून कमी सवय आहे.

आधी हे की पोरगी धडधाकट आहे. डाव्या मनगटाला लचक आहे, पट्टी बांधलीय.

चौदा तारखेला, शुक्रवारी, चित्रकलेच्या बाईंना घेऊन घाट उतरताना तिने किल्ली बंद केली. आताच्या गाड्यांत ब्रेकचा जोर इंजिनातून येतो, वहिनी. इंजिन बंद केलं की दोनदा पाय मारेपर्यंत ब्रेक लागतो, तिसऱ्यांदा दगड होतो. स्टिअरिंगही जड पडतं. तिने डोकं शांत ठेवलं. गाडी डोंगराच्या बाजूला घातली, दगडाला घासत घासत, हँडब्रेक ओढून, खडीच्या ढिगात थांबवली. पुढचं वळण दरीकडचं होतं. बाईंचा चष्मा फुटला, बाकी ओरखडासुद्धा नाही. टॅक्सीची डावी बाजू मी माझ्या ओळखीच्या गॅरेजात ठोकून घेतली, आता रंग तेवढा बाकी आहे.

ही अक्कल कोणाची, असं स्टँडवर सगळ्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली माझीच. दहा जणांनी दहादा विचारलं, तेच म्हणाली. मी विचारलं नाही. पांढरा कठडा संपतो त्या जागी किल्ली बंद करणारा माणूस मी जन्मात एकच बघितलाय.

म्हणून एक गोष्ट सांगतो, दादांनी सांगायची नाही म्हटलं होतं, पण आता ते रागावणार नाहीत. ती जुनी गाडी होती, तिचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर चालायचा, इंजिन असो नसो. तरीही दादा एकटे असताना कधी किल्ली बंद करत नसत. मी कितीदा त्यांच्यामागून घाट उतरलो आहे. तुम्ही शेजारी असलात तरच इंजिन बंद. पेट्रोल वाचवता का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, पेट्रोल कसलं, ती बोलत असते आणि इंजिनच्या घरघरीत अर्धं कळत नाही.

पोरगी टॅक्सी विकायला निघालीय. भावामुळे नाही. ती घाटाला भ्यायलीय. गाडी चालवायला ती माझ्या बघण्यातल्या कोणाहीपेक्षा चांगली आहे, दादा सोडून.

कळावे. आपल्या घरचा लोभ माझ्यावर होता तसाच राहू द्या.
आपला मिशाळ


दि. २६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, मोजायला बसले नाही इतके.

मिशाळभावजींचं पत्र आलं. त्यांच्यावर डाफरू नकोस. तू एका पत्रात तीन वेळा ठीक लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं होतं की काहीतरी मोडलंय. गाडी मोडली की तू, एवढंच कळत नव्हतं.

त्या घाटात किल्ली बंद करायची अक्कल माझी होती. वळण मी सांगितलं, कठड्यासकट. गाडीतलं मला काय कळतं, मी विणकाम करत होते. आणि तू स्टँडवर सगळ्यांना सांगितलंस की अक्कल तुझी. मला पाठीशी घालायला तुला कोणी सांगितलं होतं? तुझा आजोबाही असाच होता, मी भाजलेलं करपलं तरी म्हणायचा की चूल तापट आहे.

माफी मागायला मला येत नाही. चौथीत माझी शाळा सुटली, तो धडा बहुतेक पाचवीत असावा. पण चूक माझी होती आणि तुझा जीव जाता जाता राहिला. हे मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला एकदा सांगते आणि मग चहा ठेवते. बाईंना चष्मा करून दे, तो माझ्याकडून. त्यांना सांग की म्हातारीने आगाऊपणा केला.

भावजींनी आणखी एक लिहिलंय, ते तू त्यांच्याकडूनच ऐक, मला लिहायचं जमत नाही. एवढंच सांगते की एकतीस वर्षं मी त्या माणसाला काटकसरी समजत होते. आता कळलं की त्याला माझं बोलणं ऐकायचं असायचं. मग घरी आल्यावर कान कुठं ठेवून यायचा, हे विचारायचं राहून गेलं.

आता तू फर्निचरच्या दुकानात जाणार. जा. पण खुर्च्या विकताना तुझी नजर काचेतून बाहेर रस्त्यावर असेल, आणि मालक दुसऱ्या महिन्यात तुला काढेल. तुला भावाची भीती असती तर मी काही बोलले नसते. तुला घाटाची भीती आहे, आणि ती माझ्यामुळे बसली. तर ती काढायचं कामही माझंच.

मी चार दिवस गावभर हिंडले, गुडघे शिव्या देतायत. आपल्या गावची तीन माणसं तुझ्या शहरात नोकरीला आहेत आणि दर शनिवारी घरी येतात, रविवारी संध्याकाळी परत. शिंपिणीची सून, ती नर्स आहे. छापखान्यातला मशीनवाला, तो झोपतो आणि घोरतो. आणि औषधवाल्याचा जावई, तो फार बोलतो, त्याला घोरणाऱ्याशेजारी बसव. तिघंही दोन बस बदलून कंटाळलीत. बसपेक्षा जरा जास्त द्यायला तयार आहेत, दारापर्यंत सोडायचं एवढंच त्यांचं म्हणणं. मागची सीट भरली. जाताना भरलेली, येताना भरलेली. पेट्रोल निघतं, आणि तू आपोआप दर शनिवारी माझ्या घरी पोचतेस. स्टँडवरचे अठरा जण इतके दिवस ढकलत बसलेत, त्यांना हे सुचलं नाही.

पुढची सीट माझी. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या, पाच तारखेला, मी सकाळच्या बसने शहरात येते आणि तुझ्या टॅक्सीतून घाट उतरते. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळव. पोचेपर्यंत मी निघालेली असेन.

कळावे. लोभ राहू दे. तो तुझ्याकडून मला हवा आहे, हे पहिल्यांदाच लिहितेय, नीट जपून ठेव.
आजी


दि. ३० मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टँडवर वाचलं आणि रांग पुढे सरकली तरी मी ढकललं नाही. मागून सगळे ओरडले. मिशाळकाकांनी माझी टॅक्सी ढकलली आणि आजोबांचं ते सांगितलं. ढकलत असल्यामुळे ते माझ्याकडे बघत नव्हते, हे बरं झालं.

तू स्वतःला काही म्हणू नकोस. सांगितलं तू, केलं मी. गाडी माझी आहे, तिचा ब्रेक कसा चालतो हे मला माहीत असायला हवं होतं.

पण खरं सांगते, थाप नाही. परवा रिकामी टॅक्सी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि तिथून वळून परत आले. चित्रकलेच्या बाई नवा चष्मा लावून स्टँडवर आल्या होत्या. तुझा निरोप सांगितला, त्या हसल्या. म्हणाल्या की शाळेत कळवलंय, महिनाभर रजा, भिंगरी निघेल तेव्हाच मी निघेन. मी टायरची हवा बघत बसले.

ये तू. बसलीस तर निघेन. टाकीपाशी थांबले तर मात्र जबरदस्ती करू नकोस, मागची तीन माणसं बसने जातील.

लोभ जपून ठेवला आहे, जिथं लायसन्स ठेवते तिथं.
तुझी भिंगरी


दि. ७ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुम्ही चौघं गेलात आणि घर एकदम मोठं झालं. जावयाची टोपी इथंच राहिली, त्याला सांग. तोंड इथं राहिलं असतं तर नर्सबाईने मला दुवा दिला असता.

शनिवारचं काही मी तोंडावर बोलले नाही, शेफारतेस म्हणून. आता लिहिते. पाण्याच्या टाकीपाशी तू टॅक्सी बाजूला घेतलीस आणि पाच मिनिटं समोर बघत बसलीस. मागे घोरणाराही जागा झाला होता. मी पिशवीतून विणकाम काढलं. हिरवी लोकर, तुझ्यासाठीच आहे, बाही कमी पडली तर ओरडू नकोस. पहिला टाका घातला आणि तू गिअर टाकलास. कठडा संपला तिथं मी तुझ्या हाताकडे बघितलं. हात किल्लीकडे गेला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू, ब्रेकवर पाय असा अलगद की सुईवरचा टाका सुटला नाही. खडीच्या ढिगाशी तू स्टिअरिंग घट्ट धरलंस, मी बघितलं. मग पूल आला. दोन ओळी झाल्या होत्या. उतार तेवढाच आहे, काही वाढलेला नाही.

बाईंना कळव, मंगळवारपासून रजा संपली. भावजींनाही सांग की गाडी चालवण्यात आजोबांच्या मागचा दुसरा नंबर त्यांनी तुला बरोबर दिला होता.

आणि एक. घाट उतरताना मी सारखी बोलत होते, तुझ्या लक्षात आलं असेल. पुलावर तू विचारलंस की आजी, एवढं काय सांगत होतीस, इंजिनमुळे काही कळलं नाही. मी म्हटलं, काही नाही, समोर बघ. काही नाही असं नव्हतं. बरंच होतं, तुझ्या आजोबाचं होतं, थोडं तुझं होतं. त्या उतारावर पुन्हा कधी किल्ली बंद करायची नाही, त्यामुळे तिथं ते तुला कधीच ऐकू येणार नाही.

म्हणून शनिवारी लवकर पोच. अंगणात टॅक्सी लाव, किल्ली काढ, आणि आत ये. मग सांगते.

कळावे. लोभाला उतार नाही.
तुझी आजी